राक्षस मारायची सुपारी कोण देतं?



व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असा प्रश्न चळवळीतल्या काही ज्येष्ठांना पडेल. पडू दे. देव कोण आणि राक्षस कोण, हे आपल्या आजोबांच्या पिढीला कीर्तनकाराने सांगितलं. आईबापांच्या पिढीला १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनने सांगितलं. आज होस्टेलवरच्या पोराला तेच काम मोबाइल आणि कन्सोल करून देतात. फरक एवढाच, की कीर्तनात पोरगं नुसतं ऐकत बसायचं; इथे शस्त्र त्याच्याच हातात दिलेलं असतं. समोरून जे येतंय ते ‘डीमन’ आहे हे आधीच ठरलेलं असतं. विचार करायचा नाही, बटण दाबायचं.

म्हणून एका जुन्या जपानी गेमबद्दल लिहितोय. त्यात दुसऱ्या गेममधला एक राक्षस-शिकारी पाहुणा म्हणून येतो. युरोपात हा गेम विकताना खोक्यावर ठळक छापलं होतं, की ‘डेव्हिल मे क्राय’ मालिकेतला दान्ते यात आहे. त्या लेबलाची इंटरनेटवर इतकी टर उडाली, की लोक अजूनही कुठल्याही भलत्याच चित्रावर ते चिकटवून हसतात. विनोद मलाही आवडतो. पण या पाहुण्याच्या गोष्टीत आपल्या कामाचं बरंच काही आहे, आणि ते विनोदाखाली दबून गेलंय.

आधी पाहुण्याची ओळख. दान्ते हा कॅपकॉम कंपनीच्या २००१ सालच्या ‘डेव्हिल मे क्राय’चा नायक. पांढरे केस, लांब लाल कोट, पाठीवर तलवार, जोडीला दोन पिस्तुलं. दुकान थाटून बसलाय आणि पैसे घेऊन राक्षस मारून देतो. मराठीत या धंद्याला सरळ शब्द आहे: सुपारी घेणं. त्याचा बाप स्पार्डा स्वतः राक्षस; दोन हजार वर्षांपूर्वी तो आपल्याच लोकांवर उलटला आणि माणसांच्या बाजूने लढला. आई माणूस. म्हणजे दान्ते अर्धा राक्षस. अंगातली ताकद बापाकडून आलेली, आणि वापरायची ती बापाच्याच लोकांवर. खेळणाऱ्याला यात काही खटकत नाही. ज्यांना मारायचं त्यांना त्या गेममध्ये घर नाही, लेकरं नाहीत, म्हणणं नाही. ते येतात आणि मरतात.

असे शिकारी एका गेममधून दुसऱ्यात उसने नेणं नवीन नाही. रक्तपिपासू व्हॅम्पायर मारणाऱ्या बेलमाँट घराण्यातले सायमन आणि रिश्टर २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये आले. बेलमाँटांच्यात तर शिकार वंशपरंपरेने चालते, चाबूकसुद्धा वारसाहक्काचा. (आपल्याकडच्या वतनदारांना हे कुटुंब फार आवडलं असतं.) दान्ते २०११ मध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’मध्येही गेला. पण तिथे सगळाच आखाडा. कुणीही कुणाशीही लढतो, राक्षस कोण हा प्रश्नच येत नाही. पाहुणा आला, दोन डाव खेळला, कंपनीने पैसे मोजले, संपलं.

अ‍ॅटलस कंपनीच्या ‘शिन मेगामी टेन्सेइ ३: नॉक्टर्न’मध्ये तसं होत नाही. हा गेम जपानमध्ये २००३ साली प्लेस्टेशन २ वर आला. २००४ च्या जानेवारीत त्याची ‘मॅनिऍक्स’ नावाची वाढीव आवृत्ती निघाली आणि तिच्यात दान्ते आला. पुढे अमेरिकेत आणि युरोपात पोचली ती हीच आवृत्ती. आणि इथे दान्तेला ज्याच्यावर सोडलंय, तो आपण स्वतः आहोत. म्हणजे खेळणारा.

गोष्ट थोडक्यात अशी. टोकियोतला एक शाळकरी पोरगा आजारी बाईंना, म्हणजे आपल्या शिक्षिकेला भेटायला दवाखान्यात जातो. त्याच दिवशी जगाचा अंत होतो. सगळं टोकियो आतल्या बाजूला वळून गोळ्यासारखं होतं, मधोमध एक तेजोगोल लटकतो, माणसं नाहीशी होतात. मरायला टेकलेल्या या पोराच्या अंगात शोकाच्या काळ्या कपड्यातली एक बाई आणि एक लहान मूल एक किडा सोडतात. तो शुद्धीवर येतो तेव्हा अंगभर गोंदण उमटलेलं असतं. धड माणूस नाही, धड राक्षस नाही. त्याने काहीही केलेलं नाही. त्याला कुणी विचारलंही नाही.

इंग्रजी आवृत्तीत याला ‘डेमी-फीन्ड’ म्हणतात. जपानी नाव मात्र ‘हितोशुरा’. हितो म्हणजे माणूस. आणि शुरा म्हणजे? असुर. आपलाच असुर. बुद्धधम्माबरोबर हा शब्द भारतातून चीनमध्ये गेला, तिथे ‘आशिउलुओ’ झाला, जपानमध्ये ‘आशुरा’ झाला, आणि त्याचं आखूड रूप ‘शुरा’. म्हणजे टोकियोतल्या त्या पोराचं नाव मराठीत सांगायचं तर ‘मानव-असुर’. आणि लाल कोटातला तो शिकारी आलाय ते या मानव-असुराला मारायला. इकेबुकुरोतल्या एका इमारतीच्या गच्चीवर तो पहिल्यांदा समोर येतो आणि काही बोलणं व्हायच्या आत गोळ्या सुरू होतात. ‘डेव्हिल मे क्राय’ खेळलेल्या पोराला तेव्हा पहिल्यांदा कळतं, की दान्तेच्या बंदुकीच्या पुढच्या बाजूने जग कसं दिसतं.

‘असुर’ या शब्दाचाच प्रवास पाहा. ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर हा मानाचा शब्द आहे. वरुणाला तो लावलेला आहे. नंतर तो शिवी झाला. शिवी झाल्यावर पंडितांनी त्याची फोड केली ‘अ-सुर’, जो सुर नाही तो. आणि मग उरलेल्या ‘सुर’ला देव असा अर्थ चिकटवला. आधी शत्रू ठरवला, मग त्याला उलटा करून स्वतःचं नाव बनवलं! शेजारच्या इराणात नेमकं उलट घडलं. तिथे ‘अहुर’ परमेश्वर आणि ‘दएव’, म्हणजे आपला देव, तो सैतान. एकाच कुळातले दोन शब्द, आणि वस्ती बदलली की दोघांची जागा बदलते. तरी आपल्याकडे माणसं टीव्हीवर बसून छातीठोकपणे सांगतात, की असुर ही वाईटच प्रवृत्ती.

अ‍ॅटलसने यावर आपला एक तोडगा काढलाय. या मालिकेत सगळेच ‘आकुमा’, म्हणजे राक्षस. शिव आकुमा, विष्णू आकुमा, काली, लक्ष्मी, सरस्वती, बायबलातले देवदूत, नॉर्स लोकांचा थोर, जपानी देव, भुतं, पिशाच्चं, सगळे एकाच यादीत. कुणाशी बोलून त्याला आपल्या टोळीत घ्यायचं, नाहीतर लढायचं. शिवाय या देवांचं एकमेकांत मिश्रण करून तिसराच कुणीतरी तयार करता येतो. कुठलाही धर्म, कुठलाही देश, सोवळं-ओवळं नाही. आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा इलाज, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातीचे निर्मूलन’मध्ये लिहिलं. माणसांच्या जगात तो इलाज अजून चोरून करावा लागतो. अ‍ॅटलसच्या देवळात देवांचा तो राजरोस होतो. यादीत मारसुद्धा आहे, तथागतांवर चालून आलेला. त्याचं चित्र इतकं अश्लील आहे, की त्याचं वर्णन मी इथे करत नाही. ज्यांनी पाहिलंय ते हसत असतील.

आता मुद्द्यावर येतो. दान्तेला या कामावर कोणी पाठवलं?

वीस वर्षांहून जुना गेम आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये. दान्तेला सुपारी देणारा असतो चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा, सोबत काळ्या कपड्यातली बाई. आणि तो म्हातारा म्हणजे ल्युसिफर. पोराच्या अंगात किडा सोडणारं ते लहान मूल कोण? तेही ल्युसिफरच. ज्याने असुर बनवला, त्यानेच असुर मारणारा नेमला. दोन्ही टोकांना एकच हात. शिकाऱ्याला वाटतं आपण धंदा करतोय, शिकारीला वाटतं आपण जीव वाचवतोय, आणि वर बसलेला माणूस दोघांची परीक्षा बघतोय.

या पाहुण्यावर लेख लिहावासा वाटला तो या एका गोष्टीसाठी. कारण आपल्याकडे हा प्रयोग झालेला आहे, तोही कायद्याने. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. शेकडो जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. आधी कागदावर राक्षस तयार केला, मग त्याच कागदाच्या जोरावर पोलिसाला त्याच्या मागे सोडलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. १९५२ साली ते नाव कायद्यातून निघालं, पण आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी जाते पारध्यांच्या पालावर. आणि पारधी या शब्दाचा अर्थ काय? शिकारी! ज्याचं नाव शिकारी, तोच दीडशे वर्षं शिकार झालाय.

अर्ध्या राक्षसाला राक्षसावर सोडण्याचा प्रयोगही झाला. २००५ पासून छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम चाललं. या गोंडी नावाचा अर्थ कुणी शांतियात्रा सांगतं, कुणी शुद्धीकरणाची शिकार. आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून बंदुका दिल्या आणि आदिवासी गावांवरच पाठवलं. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. त्या पोरांना ‘गद्दार’ म्हणणं सोपं आहे. कांशीराम साहेबांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिलं, तेव्हा त्यांनीही चमच्यापेक्षा चमचा धरणाऱ्या हाताकडे जास्त लक्ष दिलं होतं. चमचा आपोआप हलत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज चमच्यांची यादी निघते आणि हात धुतल्या तांदळासारखा स्वच्छ राहतो.

दान्तेचं श्रेय असं, की तो विचार करतो. अमाला नावाच्या भूलभुलैयात तो मानव-असुराचा पाठलाग करतो, पुन्हा लढतो. (या भूलभुलैयाच्या मजल्यांना ‘कल्प’ म्हणतात, पहिला कल्प, दुसरा कल्प. शब्द पुन्हा आपलेच.) पण हळूहळू त्याला कळतं, की काम देणाऱ्याने आपल्याला खेळवलंय. शेवटच्या कल्पात तो सुपारी मोडतो आणि ज्याला मारायला आला होता त्याच्याच बाजूने लढायची तयारी दाखवतो. फुकट नाही हं, मोबदला मागतो. धंदेवाईक माणूस आहे, त्याचं एकाएकी हृदयपरिवर्तन वगैरे दाखवलेलं नाही, आणि ते बरंच केलं. कुणाला उचलून क्रांतिकारक करायची गरज नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला: हे काम मला नेमकं कोणी दिलं आणि त्याला काय हवंय? शिकाऱ्याने एवढा एक प्रश्न विचारला तरी शिकार थांबते.

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वात आधी छापील पुस्तकातून विचारला तो जोतिरावांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार समोर घेतला. दहा अवतार म्हणजे दहा राक्षस-शिकारीच की! आणि प्रत्येक वेळी विचारलं, मारला कोण गेला? त्याची जमीन कुणाकडे गेली? राक्षस म्हणजे रक्षण करणारे, इथल्या रयतेचे रखवालदार, असा अर्थ त्यांनी लावला. भाषाशास्त्राचे प्राध्यापक या व्युत्पत्तीवर नाक मुरडतील. मुरडू दे. शिकाऱ्याच्या वहीत शिकारीचं नाव शिकाऱ्यानेच लिहिलेलं असतं, हे जोतिरावांनी ओळखलं होतं.

आणि हा काही आपल्याच देशाचा रोग नाही. गेम जपानचा आहे, तर जपानचंच पाहू. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त पहिला सम्राट जिम्मू याच्या विजयाची कथा आहे. वाटेत त्याला खड्ड्यांतल्या घरात राहणारे, शेपट्या असलेले लोक भेटतात. त्यांना नाव दिलंय ‘त्सुचिगुमो’, मातीतले कोळी. जिम्मू त्यांना मेजवानी देतो. प्रत्येकामागे एक वाढपी उभा करतो, वाढप्याच्या अंगावर तलवार लपवलेली. गाण्याचा इशारा होतो आणि जेवत्या माणसांच्या माना कापल्या जातात. हे वाचताना मला बळीराजाच्या दारात आलेला बटू आठवला, तुम्हालाही आठवेल. ७२० सालच्या ‘निहोन शोकी’त याच लोकांचं वर्णन आखूड धडाचे आणि लांब हातापायांचे असं येतं. यामातो दरबारापुढे न झुकलेल्या स्थानिक लोकांना हे नाव लावलं जात होतं. पुढच्या शतकांत माणूस गळून पडला आणि कोळी तेवढा उरला. मिनामोतो नो रायको हा वीर ज्या राक्षसी कोळ्याला मारतो, तो त्सुचिगुमोच. पराभूत माणूस, मग शिवी, मग राक्षस, मग नाटकातलं पात्र. आज तो गेममध्येही भेटतो, आणि त्याला मारलं की गुण मिळतात.

नॉक्टर्नमध्ये याहून बोचणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे दान्तेच्या गर्दीत कमी लोकांचं लक्ष जातं. अंत झालेल्या टोकियोत ‘मॅनिकिन’ नावाचे जीव आहेत. मातीपासून बनलेले, हुबेहूब माणसासारखे दिसणारे, पण माणूस न समजले जाणारे. अंगाला झटके येतात, बोलताना अडखळतात. इकेबुकुरोची ‘मंत्र’ सेना त्यांना काबुकिचोच्या तुरुंगात डांबते आणि छळ करून त्यांच्या वेदनेतून मागात्सुही नावाची ऊर्जा पिळून काढते. त्या ऊर्जेवर बड्यांच्या सत्ता चालतात. त्यांच्यातूनच फुतोमिमी नावाचा नेता उभा राहतो. सगळ्यांना घेऊन तो आसाकुसाला जातो, तिथे ते मोडक्या वस्तीची डागडुजी करून आपलं गाव वसवू लागतात.

मग नायकाची वर्गमैत्रीण चिआकी येते. श्रीमंत घरची मुलगी. तिने नव्या जगासाठी एक तत्त्व शोधलंय: जग बलवानांचं, उत्तम लोकांचं असेल; दुबळ्यांना त्यात जागा नाही. ती आसाकुसात मॅनिकिनांची कत्तल करते. खेळणाऱ्याला ती थांबवता येत नाही. तिच्या बाजूने कोण लढतं? देवदूत. पंखवाले, तेजस्वी, बायबलातले देवदूत. शिंगं असलेल्यांपासून सावध राहा असं ज्यांना लहानपणापासून शिकवलंय, त्यांनी हा प्रसंग जरूर खेळावा. २००६ साली खैरलांजीत जे घरावर चालून आले तेही शिंगं घेऊन आले नव्हते. गावातलेच लोक होते, ओळखीचे.

या कत्तलीत दान्ते कुठे असतो? कुठेच नाही. त्याला तिकडे कुणी पाठवलेलं नाही.

आसाकुसा हे नावही लक्षात ठेवा. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, ज्यांना ‘एता’ म्हणत, ज्या नावाच्या अक्षरांचा अर्थच ‘फार मळ’ असा आहे, त्या कातडं कमावणाऱ्या अस्पृश्य समाजाचा प्रमुख दान्झाएमोन याच आसाकुसात राहत असे. हे पद तेरा पिढ्या चाललं. जपान सरकारने ही अस्पृश्यता कागदोपत्री रद्द केली ती १८७१ साली. हो, तेच साल, जेव्हा इकडे इंग्रज माणसांना जन्माने गुन्हेगार ठरवत होते. कागदाने जात गेली नाही, म्हणून १९२२ मध्ये क्योतोत या समाजाच्या तरुणांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभी केली. गेमच्या लेखकांनी हे सगळं मनात धरून मॅनिकिनांना आसाकुसात वसवलं, असा माझा दावा नाही. पण ज्या मातीवर ती काल्पनिक वस्ती उभी आहे, त्या मातीला हे सगळं ठाऊक आहे.

इथे आपल्या तरुणांमधल्या एका चालू वादाला हात घालतो. गेली काही वर्षं महिषासुर शहादत दिवस साजरे होतायत. झारखंडच्या असुर जमातीची माणसं, ज्यांचे पूर्वज लोखंड गाळायचे, ती नवरात्रात महिषासुराचा शोक पाळतात. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती पुजली जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये संसदेत महिषासुराच्या पत्रकावरून गदारोळ झाला, आणि तेव्हापासून आपल्या अनेक पोरांनी प्रोफाइलला ‘असुर’ लावलं. हो, आम्ही असुर. काय करायचं ते करा. ही चीड मला समजते. असुर जमातीचा शोक हा त्यांच्या घरचा शोक आहे, त्यावर बोलायचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. जोतिरावांचा बळीराजा तर आपलाच. पण ज्याने आपल्यावर लेबल मारलं त्याचंच लेबल छातीवर लावून मिरवल्याने आपण त्याच्या खेळातून बाहेर पडतो का?

मॅनिऍक्स आवृत्तीतला एक शेवट असा आहे, की मानव-असुर माणूसपण पूर्ण सोडतो आणि असुर म्हणून पूर्णत्वाला जातो. त्याची ताकद अफाट होते. आणि तो होतो कोण? ल्युसिफरच्या सेनेचा सेनापती. ज्याने त्याला न विचारता असुर केलं, त्याच्याच नोकरीत! दान्ते सुपारी मोडून मोकळा होतो आणि ज्याला वाचवायचं तो शेवटी मालकाच्या रांगेत उभा राहतो. गेम खेळणारे या शेवटाला सर्वात भारी शेवट मानतात. मला तो सर्वात दुःखाचा वाटतो.

बाबासाहेबांनी देव-दानवांच्या या वहीतलं आपलं पान बदलून घेतलं नाही, वहीच परत केली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश नाहीत, राम-कृष्ण नाहीत, पण त्यांच्या जागी बळी, रावण, महिषासुरही बसवलेले नाहीत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये मार येतो, तर तिथे तो हत्तीवर बसून सैन्य घेऊन येणारा राक्षस राहत नाही, मनात उठणारे वाईट विचार आणि वासना, त्यांना पुराणाच्या भाषेत दिलेलं ते नाव, असं बाबासाहेब सरळ सांगून टाकतात. राक्षस म्हणून मारायला कुणी माणूस उरतच नाही. मग शिकाऱ्याने काय करायचं? दुकान बंद.

त्याच ग्रंथात अंगुलिमालाची गोष्ट आहे. माणसं मारून बोटांची माळ घालणारा. आजच्या गेममध्ये तो ‘बॉस’ झाला असता. पाली सुत्तात राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याच्या शिकारीला निघतो, वाटेत तथागतांना भेटतो. तथागत विचारतात, महाराज, तो मुंडन केलेला, चीवर घातलेला, शीलवान भिक्खू दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, वंदन करेन. तथागत शेजारी बसलेल्या भिक्खूकडे हात करतात. राजाच्या अंगावर काटा येतो. पाचशे घोडेस्वार बाहेर तसेच उभे. पुढचा भाग कीर्तनात सांगण्यासारखा गोड नाही. अंगुलिमाल भिक्षेला गेला की लोक दगड मारतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो आणि तथागत त्याला ते सोसायला सांगतात. मारलेली माणसं परत येत नाहीत, हे कुणी लपवत नाही. पण घोडेस्वारांची गरज पडत नाही.

धम्माने असुराचं काय केलं, ते जपानमध्येच पाहायला मिळतं. नारा शहरातल्या कोफुकुजी विहारात ७३४ साली घडवलेली आशुराची मूर्ती आहे. तीन चेहरे, सहा हात, सडपातळ बांधा. धम्माचे रक्षण करणाऱ्या आठ गणांमधला तो एक. असुर म्हणून रक्षक! जोतिराव त्यांच्या वाटेने जिथे पोचले, तिथे हे कारागीर अकराशे वर्षं आधी आपल्या वाटेने पोचले होते. पुढचे दोन हात जोडलेले आहेत. कुठल्याच हातात शस्त्र नाही. चेहरा कोवळ्या पोराचा, भुवया किंचित आकसलेल्या, कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून थांबल्यासारखा. नॉक्टर्नमधला हितोशुरा पाहिला, की ही मूर्ती आठवल्याशिवाय राहत नाही.

दान्तेचं पुढे काय झालं तेही सांगतो. तो दुसऱ्या कंपनीचा माणूस, त्यामुळे २००८ साली जपानमध्ये हा गेम ‘क्रॉनिकल’ नावाने पुन्हा काढताना अ‍ॅटलसने त्याला वगळलं आणि त्याच्या जागी स्वतःच्या घरचा शिकारी बसवला, रायदो कुझुनोहा. हा तैशो काळातला विद्यार्थी-गुप्तहेर. राजधानीचं रक्षण करणाऱ्या ‘यातागारासु’ या गुप्त संस्थेच्या हुकमावर तो काम करतो, आणि ‘रायदो’ हे नाव त्याचं स्वतःचं नाही, वारशाने आलेलं पद आहे. हा त्या गादीवरचा चौदावा. २०२० मध्ये जपानला आणि २०२१ मध्ये बाहेर जी सुधारित आवृत्ती आली, तिच्यात मूळ किमतीत मिळतो तो हा सरकारी शिकारी. मालकाला प्रश्न विचारणारा दान्ते हवा असेल, तर त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात.